मामाला दिलेलं हव

चूक माझी होती. तिला फार मोठी प्रस्तावना लागत नाही. मागच्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवत होतो आणि फोनवर मामाला ‘हव’ म्हणत होतो. मामाने काहीतरी विचारलं, मी हव म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हव म्हटलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज जरा बारीक झाला, म्हणून मी आदराने ‘हव जी’ म्हटलं. तो काय विचारत होता ते मला ठाऊक नव्हतं. माझं सगळं लक्ष कूलरच्या जाळीतल्या एका तारेकडे होतं. ती तार दरवर्षी माझ्याच अंगठ्यात घुसते.

माझ्या या हवमुळे नरखेड तालुक्यातल्या एका अंगणात सत्तरीतला एक माणूस चारचौघांत खोटा ठरला. तो माणूस म्हणजे माझा मामा.

जे वाचक नागपूरच्या या बाजूचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, हव म्हणजे हो. नागपूर शहरात त्याचं आता ‘हौ’ झालं आहे, आणि त्याच्या शेपटीला ‘ना बे’ लावलं की पुढे काहीच होणार नाही असं समजावं. पण काटोल-नरखेडकडे, मामाच्या वयाच्या लोकांच्या तोंडी, ते अजून साफ हव आहे. समोरचा माणूस मानाचा असला की हव जी. हे म्हणताना ती माणसं मानही हलवत नाहीत. शब्द एकटा पुरतो असा त्यांचा समज आहे.

माझा तसा समज नव्हता, आणि त्यालाही कारण आहे. मी शाळेत असताना आम्हाला मराठी शिकवायला एक गुरुजी आले होते. ते घाटावरचे. त्यांनी हजेरी घेताना मला काही विचारलं आणि मी हव म्हणालो. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘हंबरतोस का रे?’ वर्ग हसला. मीही हसलो, कारण न हसणं जास्त अवघड होतं. त्या दिवसापासून माझ्याकडे होकाराचे वेगवेगळे डबे तयार झाले. मुलाखतीला, भाषणाला आणि पुण्याच्या पाहुण्यांना ‘होय’. घरी ‘हो’. ऑफिसात ‘होऊन जाईल’, ज्याचा अर्थ फाइल ठेवून जा आणि परत येऊ नका. उरलेलं हव मी मामासाठी ठेवलं. लहान मुलाशी बोलताना आपण कसं मुद्दाम बोबडं बोलतो, तसा मी मामाशी हव बोलत असे. मला वाटे, मी त्याच्यावर प्रेमच करतो आहे.

मामा आईचा धाकटा भाऊ. संत्र्याची आणि मोसंबीची बाग, एक विहीर, एक मोटर, एक मोटरसायकल आणि मामी गेल्यापासून एक रिकामं घर, एवढा त्याचा संसार. मुलगा पुण्याला असतो. त्याला काहीही विचारलं तरी तो म्हणतो, ‘बाबा, तुमची मर्जी.’ याला तो वडिलांचा मान राखणं समजतो.

आणि आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. उलटं नाही. भाच्याने मामाच्या पायाला हात लावला तर मामाला पाप लागतं. मला चड्डीचं बटण लावता येत नव्हतं तेव्हापासून हा माणूस माझ्यासमोर वाकत आला आहे. बारावीत मी गणितात उडालो, त्याच आठवड्यात तो बागेतली संत्री घेऊन आला, आणि नापास भाच्याच्या पायांना हात लावून म्हणाला की मोठा होशील. बाकीचे रीतिरिवाज मोडकळीला आले, पण घरात भाच्याचा शब्द वजनदार धरायचा ही रीत मामाने सोडली नाही. मुलाच्या लग्नातसुद्धा त्याने मांडवात उभं राहून मला विचारलं होतं, ‘भाचेबुवा, करू का?’ मी हव म्हटल्यावरच वाजंत्री सुरू झाली. मला तेव्हा हसू आलं होतं. मी माझ्या बायकोला कोपरानं ढोसलंही होतं.

तर दर रविवारी सकाळी मामाचा फोन. तो गोष्टी सांगतो: विहिरीचं पाणी, रोह्यांनी म्हणजे नीलगायींनी केलेलं नुकसान, मोटर जळली, मोटर दुरुस्त झाली, बसमध्ये कोण भेटलं. मोटरला जशी वीज तसं मामाच्या बोलण्याला हव लागतं. मध्येच वीज गेली की तो थांबतो आणि विचारतो, ‘आयकून राह्यला का गा बापू?’ मग मी हव जी म्हणतो आणि मोटर पुन्हा सुरू. मी यात पारंगत झालो होतो. फोन स्पीकरवर टाकून मी नखं कापली आहेत, पेपरमधलं शब्दकोडं सोडवलं आहे, एकदा तर झोपही काढली आहे. बायकोचं म्हणणं आहे की झोपेतही माझं हव वेळेवर पडत होतं. ती मला ओळखून आहे. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो असताना तिने एकदा शांतपणे विचारलं होतं, ‘तुमची चप्पल वरणाच्या कुकरमध्ये टाकू का?’ मी हो म्हटलं. तिने खरोखर चप्पल ओट्यावर आणून ठेवली होती.

तर तो रविवार. ताट्या बसल्या. माझं तिसरं हव मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मंग झालं.’ आणि फोन त्यानेच ठेवला. इतक्या वर्षांत त्याने कधी स्वतःहून फोन ठेवलेला नव्हता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कूलर सुरू करून मी त्याच्यासमोर बसलो आणि वाळ्याचा वास घेतला. मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

पुढच्या रविवारी मामाचा नेहमीच्या वेळेला फोन आला नाही. मी सुटलो असं वाटून आम्ही नवराबायको जरीपटक्याच्या बाजारात पडदे घ्यायला गेलो. दुकानदार पडद्यावर पडदा उलगडत होता. बायको विचारत होती, हा की तो, आणि मी दोन्हींना हो म्हणत होतो. तेवढ्यात मामाचा फोन. मी कापला. पुन्हा आला. मी पुन्हा कापला आणि ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो’ असा तयार संदेश पाठवून दिला. तो इंग्रजीत जातो. मामाला इंग्रजी येत नाही. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी आवाजच बंद केला. शेवटी आम्ही मोरपंखी रंगाचे पडदे घेतले.

संध्याकाळी पुन्हा मामाच्याच नंबरवरून फोन आला. मी उचलून नेहमीच्या सवयीने ‘हव, बोला मामा’ म्हटलं. पलीकडून बाईचा आवाज आला.

‘तुम्ही भाचे का?’

मी हो म्हटलं.

‘मी कोन हे तुम्हाले माहीत असंल.’

मला माहीत नव्हतं. पण तिच्या आवाजात असं काही होतं की तसं सांगायची हिंमत झाली नाही. मी ‘हो, बोला ना’ म्हणालो. म्हणजे फोन लागताक्षणीच मी खोटं बोलायला सुरुवात केली होती.

ती म्हणाली, ‘मले एकच सांगा, भाऊ. तुम्ही हव म्हटलं होतं का नव्हतं म्हटलं?’

मग हळूहळू, मी काही कबूल न करता आणि तिला फारसं काही न विचारता, मला सगळं कळलं. ती शेजारच्या गावची. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, अंगणवाडीतून नुकतीच मोकळी झाली, भावाकडे राहते. मामाने तिला मागणी घातली होती. विधवा आणि विधुराच्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. त्यात बँड नाही, पत्रिका नाही. त्यांच्या त्या दोन गावांत एवढंच बघतात की दोन्ही घरच्या कोणीतरी अंगणात चार माणसांसमोर उभं राहून हव म्हणावं. तिच्याकडून तिचा भाऊ म्हणणार होता. मामाच्या मुलाने तुमची मर्जी म्हणून हात झटकले होते. राहिलो मी, मानाचा भाचा. मामाने मला फोनवर विचारलं होतं: मी पाट लावू का, तू येऊन चार माणसांत हव म्हणशील का, पुढच्या रविवारी येशील का? आणि मी तिन्ही वेळा हव म्हणालो होतो.

त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मामा प्रत्येक एसटीला फाट्यावर जाऊन आला. त्याने चार माणसांसमोर मला फोन लावले आणि चार माणसांनी ते कट होताना ऐकले. तिच्या भावाच्या एका शेजाऱ्याने हसून म्हटलं की म्हाताऱ्याने भाच्याचं हव मनातल्या मनातच ऐकलं असेल. कोणीतरी म्हणालं, या वयात असं होते. मामा उठला, आणि उठताना फोन तिथेच बाजेवर विसरला. त्या फोनवरून ती बोलत होती.

‘ते खोटं बोलले असतील तं मले तसं सांगा,’ ती म्हणाली. ‘खोटं बोलणाऱ्याच्या घरात मी नाही जात. एकदा राहून झालं माह्यं.’

मी म्हणालो, ‘नाही, मी म्हटलं होतं हव.’

‘मंग आले काहून नाही?’

या जागी एखादा बरा माणूस खरं बोलला असता. मी म्हणालो, ‘ऑफिसचं काम निघालं अचानक.’

रविवार होता हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. ‘बरं,’ एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मग मला समजलं की माझ्या एकट्याच्या साक्षीला तिने काहीच किंमत दिली नव्हती. माझ्या खोट्याच्या शेजारी ठेवल्यावर माझं खरंही खोटंच वाटलं असणार. म्हणजे मामाला वाचवायला गेलो आणि त्याला आणखी खोल ढकलून आलो.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती पडद्यांना कड्या लावत होती. तिने हातातला पडदा खाली ठेवला आणि म्हणाली, ‘उद्या सकाळच्या गाडीने जा.’

मी हो म्हटलं आणि गेलो नाही.

आता यापुढचं सांगायला मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. मी माफी मागायला जायच्या ऐवजी शब्दकोश काढला. मला वाटलं, आधी हा शब्द काय आहे ते नीट समजून घेऊ, म्हणजे माफीही नीट मागता येईल. पन्नाशीच्या आसपास माणूस स्वतःला किती सफाईने फसवू शकतो याचा हा नमुना आहे.

आमच्या कॉलनीच्या मैदानावर सकाळी एक निवृत्त प्राध्यापक फिरायला येतात. मराठीचे. त्यांना मी हवबद्दल विचारलं. त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी काही विचारलं नसावं, कारण ते चालायचे थांबले आणि मग काही दिवस त्यांचं फिरणं असं झालंच नाही. ते म्हणाले, मुळात संस्कृतातलं भवति. म्हणजे होतं, घडतं. प्राकृतात त्याची दोन रूपं चालत, होइ आणि हवइ. पहिल्यातून आपलं होय आलं, त्यातून हो. दुसऱ्याची शेपटी झिजली आणि हव उरलं, असं म्हणायला हरकत नाही. ‘असं म्हणायला हरकत नाही’ हे ते दर वाक्याला म्हणत, त्यामुळे मलाही त्यांच्याइतपतच खात्री आहे. मी भाषेचा माणूस नाही. यात काही चुकलं असेल तर तीही माफी माझ्या खात्यावर धरावी.

पण मला ते ऐकून धक्का बसला. म्हणजे हव हे होयचं गावंढळ, बिघडलेलं रूप नव्हतंच. ते त्याचं सख्खं भावंड होतं. फक्त एक शिकायला पुण्याला गेलं आणि एक बागेत राहिलं. गुरुजींच्या चष्म्याला हे कधी दिसलं नाही आणि मी त्या चष्म्यातूनच मामाकडे बघत आलो.

मग मी जीबद्दल विचारलं. त्याच्या दोन उपपत्त्या निघाल्या. एक अशी की आर्य या शब्दाची झीज होत होत अज्ज आणि मग जी झालं, म्हणजे नुसता मान. दुसरी अशी की ते जीवपासून आलं, म्हणजे समोरच्याला ‘जगत राहा’ म्हणणं. प्राध्यापकांना पहिली पटत होती. मी दुसरी घेतली, कारण तिच्यात माझा अपराध जास्त मोठा होत होता. तीन महिने... नाही, तीन महिने म्हणणं ही माझी अतिशयोक्ती आहे, तीनेक आठवडेच असतील, पण मी त्या काळात अपराधाला व्यायाम देऊन चांगला धष्टपुष्ट केला.

खरा घाव होता तो अर्थाचा. होकार म्हणजे ‘तुझं बरोबर आहे’ असं मी धरून चाललो होतो. तसा होकार देणाऱ्याचं काही जात नाही. मान हलवली, पुढे निघालो. पण हवच्या पोटात ‘घडतं’ आहे. हव म्हणणारा काहीतरी घडवायचं अंगावर घेतो. मामाच्या पिढीने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण म्हणूनच ती माणसं हव म्हणायला वेळ लावतात, आणि म्हटल्यावर फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघतात. हे लक्षात आल्यावर मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की मी आणखी एक शब्दकोश बघायला ग्रंथालयात गेलो.

तिथून आलो तेव्हा जेवताना मी बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. प्राकृत, हवइ, जीव, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मध्ये एकदाही हो म्हणाली नाही. मग म्हणाली, ‘शब्द कुठून आला ते कळलं. तुम्ही कधी जाता ते सांगा.’

मामाचे रविवारचे फोन बंद झाले होते. रविवारी सकाळी मी नखं कापायला बसलो तर घर फार शांत वाटायचं. मी उगाच स्पीकरचं बटण दाबून बघितलं एकदा. फोन आला नसताना स्पीकर लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी एका रविवारी मी गणेशपेठच्या स्टँडवरून काटोलमार्गे गेलो. फाट्यावर उतरून चालत बागेत पोचलो तेव्हा मामा विहिरीजवळ पाइपाला चिंधी गुंडाळत होता. मला बघून त्याने चिंधी ठेवली, हात धोतराला पुसले, पुढे आला आणि नेहमीसारखा माझ्या पायांशी वाकला.

हे मला सहन झालं नाही. मीही वाकलो. मला त्याच्या पायांना हात लावायचा होता, पाप लागायचं तर लागो. पण मामा माझ्यापेक्षा चपळ आहे. तो मागे सरला, मी पुढे गेलो. तो पुन्हा वाकला, मी पुन्हा वाकलो, आणि आमची डोकी एकमेकांवर अशी आपटली की दोघंही विहिरीच्या कठड्याला धरून उभे राहिलो. एक म्हातारा आणि एक पोट सुटलेला इसम, दोघं कपाळ चोळत. शेजारच्या वावरातला गडी हे बघून बैल थांबवून उभा राहिला.

‘काय करतं गा?’ मामा म्हणाला. ‘मले पापात टाकतं का?’

मी म्हणालो, मामा, मी त्या दिवशी ऐकत नव्हतो. ताट्या बसवत होतो.

तो म्हणाला, ‘मले माहीत आहे.’

मला वाटलं होतं की हे वाक्य सांगायला मला सगळं आयुष्य लागेल, आणि त्याला ते माहीत होतं. केव्हापासून, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘तुह्यं हव मले समजत नाही का? आयकून म्हणलेलं हव वेगळं राह्यते. पन त्या दिवशी मले पाह्यजे होतं, म्हून मीनं खरं धरलं.’

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला. भाच्याने मामाची माफी मागायची नसते, तेही पापच. ‘तिले सांग,’ तो म्हणाला. ‘चार माणसात सांग. मले खोटं ठरवलं ते चार माणसातच ठरवलं.’

मग त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी शेजारच्या गावी गेलो. मामा अतिशय हळू चालवतो. एक बकरी आम्हाला मागे टाकून गेली.

तिचं अंगण सारवलेलं होतं. ती मधोमध बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही. भावाला म्हणाली, ‘बोलाव त्या दिवशीच्या लोकाईले.’ भाऊ गेला आणि आसपासच्या घरांतून माणसं आली, त्यात तो हसणारा शेजारीही होता. सगळे बसले. मामा दाराजवळ उभा राहिला, पाहुणा असल्यासारखा.

मी म्हणालो, मामाने मला विचारलं होतं आणि मी हव म्हटलं होतं. मामा खरं बोलत होता.

तिने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. ‘काय विचारलं होतं?’

‘पाट लावू का, असं.’

‘हे तं मीनंच सांगितलं तुम्हाले फोनवर. त्यायनं काय विचारलं होतं? त्यायच्या शब्दात सांगा.’

मी म्हटलं, मला माहीत नाही. मी ऐकलं नव्हतं. मी कूलर बसवत होतो.

कोणीतरी खाकरलं. तो शेजारी या वेळी हसला नाही. तिने मामाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मंग आता विचारा. यायले आयकू द्या.’

मामा लाजला. सत्तरीतला माणूस लाजलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, भिंतीकडे तोंड केलं आणि रविवारी फोनवर बोलतो तसा, दूरच्या माणसाशी बोलल्यासारखा मोठ्याने बोलू लागला.

‘बापू, आयकून राह्यला का?’

‘हव.’

‘बसमध्ये एक बाई भेटते म्हून सांगत होतो तुले, सालभरापासून.’

मला आठवेना. सालभर मी कशाकशाला हव म्हटलं होतं देव जाणे. पण आता मी ऐकत होतो. ‘हव,’ म्हणालो.

‘मीनं खिडकीतून तंबाखूचा खर्रा थुकला तं ते मले साऱ्या बसमध्ये बोलली. तवापासून मीनं खर्रा सोडला.’

‘हव.’

‘बाई चांगली आहे. खेकसते, पन चांगली आहे.’

लोक हसले. ती खाली बघून तांदूळ निवडत राहिली.

‘सांजच्याले मोटर बंद केली का बागेत आवाजच नाही राह्यत. घरी येतो तं टीव्ही लावतो. टीव्हीतला माणूस लय बोलते, पन जेवला का म्हून नाही विचारत.’

हे तो त्या दिवशी मला सांगत होता आणि मी तार वाकवत होतो. मी म्हटलं, ‘हव.’

‘पोरगा म्हणते तुमची मर्जी. मर्जी तं आहेच. मर्जीले घेऊन काय करू? घरचं कोनी हव म्हणणारं पाह्यजे.’ मग तो भिंतीकडून वळला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मी पाट लावून राह्यलो. लावू का?’

हा प्रश्न आधी पूर्ण माझ्यात जाऊ दिला. मग मी म्हणालो, ‘हव जी.’

तिच्या भावाने त्याच्या बाजूने हव म्हटलं. कोणीतरी आतून साखर आणली. त्या शेजाऱ्याने मामाच्या हातावर साखर ठेवताना मान खाली घातली होती, मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं संपलं. मी रुमाल काढून तोंड पुसत होतो, तेवढ्यात तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, ‘अन् त्या रविवारी ऑफिस होतं का, भाऊ?’

सगळे माझ्याकडे बघू लागले. मामाही. त्याला या खोट्याबद्दल काही माहीत नव्हतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘ऑफिस नव्हतं. जरीपटक्याला पडदे घेत होतो, अन् मामाचे फोन कापत होतो. मामा तुमच्याशी खोटं बोलले नाहीत, मी बोललो. चूक माही आहे. मले माफ करा.’